रणरणतं ऊन, दोघं जण, भिंती आणि पोटपूजा: तुमचे कोकणातले अनुभव

ओलेकाजू

काल सोसायटीतल्या मुलांनी मागची भिंत रंगवायला घेतली. डबे उघडले आणि ऑइलपेंटचा वास थेट माझ्या स्वयंपाकघरात. बाहेर अकराचं ऊन. पोळी तव्यावर करपली आणि मी पोचले पणजीत.

लग्नानंतरचा पहिला मे. सासर कुडाळचं. सुट्टीला आलेली माणसंच माणसं, माळ्यावर आंब्यांच्या अढ्या, खाली पाहुण्यांच्या. नवऱ्याशी दोन वाक्यं बोलायची तर विहिरीवर जावं लागे, तिथेही नणंदेची पोरं हजर. शेवटी नवऱ्याने जेवताना जाहीर केलं, "उद्या पणजीत जरा काम आसा." कसलं काम ते कुणी विचारलं नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "टोपी घे, आणि हिका छत्री दी." म्हणजे कळायचं ते कळलं होतं.

सकाळची एसटी. बांद्यापर्यंत खिडकीतून गार वारा, पेडणं ओलांडेपर्यंत तोच वारा तापलेला. गाडीतच आमचा करार झाला. मला रंगवलेल्या भिंती, जुनी घरं, असलं काहीतरी बघायचं होतं आणि त्याला खायचं होतं. तर एक भिंत माझी, की एक खाणं त्याचं. आळीपाळीने.

आधी फोंतेन्यास, पणजीतली जुनी वस्ती. पिवळी, निळी, गेरूसारखी लाल घरं, खिडक्यांना पांढऱ्या चौकटी, गल्ल्यांची नावं निळ्या-पांढऱ्या फरशांवर रंगवलेली. पोर्तुगीजांच्या काळात पांढरा रंग चर्चसाठी राखलेला, म्हणून घरांना बाकीचे सगळे, असं तिथे सांगतात. ऊन इतकं की सावली भिंतीला चिकटून पावलाएवढीच. नवरा त्या पट्टीवरून एका अंगाने चालत होता आणि मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून माना वर करत होते. एका खिडकीतून आवाज आला, "ह्या वतांत खंय भोंवतात गो तुमी?" आजी होत्या. पाण्याचा तांब्या बाहेर आला, मागोमाग चौकशा. कुडाळचे म्हटल्यावर कुडाळात खंय, कोणाचे, सगळं. पाऊस संपला की दर वर्षी घराला रंग काढावाच लागतो, नाहीतर शेवाळ खातं, हे त्यांनी अशा सुरात सांगितलं जणू रंग मीच लावून द्यायचा आहे.

मग मंडई. तिथल्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडाची माणसं मोठी करून काढलेली आहेत. बाजारातल्या बायका, पाववाला, टोप्या घातलेले म्हातारे. आणि खाली खऱ्या बायका भाजी विकतायत. एक जण कमरेवर हात ठेवून गिऱ्हाइकाशी भांडत होती, तिच्या बरोबर डोक्यावर चित्रातली तश्शीच. मी वळून नवऱ्याला दाखवायला गेले तर नवरा गायब. सापडला तो कोपऱ्यावरच्या कळकट हॉटेलात, पातळ भाजी, पुऱ्या आणि मिरची भजी मागवून. "तुझी भिंत मोठी होती, म्हणून मी दोन घेतले," हा हिशोब.

दुपारी आबे फारियाच्या पुतळ्याजवळ टेकलो. तो संमोहन करतोय आणि समोरची बाई कोलमडतेय, असा तो पुतळा. नवरा घाम पुसत म्हणाला, "कसलं संमोहन, तिला ऊन लागलंय." मी इतकी हसले की रस्त्यावरची माणसं थांबली.

नंतर मांडवीवरून वारा सुटला तेव्हा कुठे जीवात जीव आला. पोई, म्हणजे गोव्याचे पाव, बांधून घेतल्या, रात्री घरी. सासूबाईंनी पिशवी हुंगली. "काम झाला?" "झाला."

आता तुम्ही लिहा. जोडीने, उन्हात, चित्र किंवा भिंत आणि सोबत खाणं. डहाणूपासून काणकोणपर्यंत सगळं कोकणच धरू, त्यावरून भांडू नका.

पमाकाकू

पहिली! कुकर लावलाय, नंतर वाचते.

सडेफटिंग

भिंत चालत नसेल तर जमीन चालेल का? आमची चित्रं आडवी आहेत.

राजापूर तालुक्यात कशेळीचा सडा, म्हणजे जांभ्याचा माळ. कातळात कोरलेला हत्ती, लांबी जवळपास १८ मीटर, आणि त्या हत्तीच्या पोटात बाकीचे प्राणी, मासे, पक्षी. बायको रत्नागिरीतच वाढलेली, पण तिनेही पाहिला नव्हता. आम्ही एप्रिलात गेलो. साडेअकराला सड्यावर पोचलो तर आडिवऱ्याचा रिक्षावाला गाडीतून उतरेचना. म्हणाला, "आता काय दिसणार नाय. ऊन डोक्यावर आलं की रेघा जातात. कलत्या उन्हाला या." आणि खरंच, कोरलेली खोबण जेमतेम बोटभर खोल, सूर्य वर असला की सावलीच पडत नाही. लालकाळा जांभा नुसता तव्यासारखा पसरलेला आणि हत्ती कुठेच नाही.

मग काय, दुपार काढायची होती. कनकादित्याच्या देवळात पंखा नव्हता पण गारवा होता. रिक्षावाल्याच्या ओळखीच्या घरी जेवलो: घावणे, फणसाची भाजी, कैरीचं लोणचं आणि तांबड्या तांदळाची पेज. बायकोने त्या वहिनींकडून पडवीतच अमृत कोकम शिकून घेतलं. रातांब्याच्या साली, थराथराने साखर, बरणी उन्हात. पाणी एक थेंब नाही. तुमचं ऊन त्यांच्या कामाचं!

पाच वाजता परत सड्यावर. आणि हत्ती उगवला. आधी पाठीची रेघ, मग सोंड, मग आतले सगळे. बायको कडेकडेने फिरत एकेक मोजत बसली, मी बाहेर उभा राहून "तो मासा धरलास का" विचारत होतो.

२०२२ साली कोकणातली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यात गोव्यातलं पानसायमळही आहे, म्हणजे ओलेकाजू, तुमच्या पणजीवारीला जोडून करता येईल. सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी सडे पायी तुडवून, गावकऱ्यांना विचारून ही शोधली. आम्ही एका सड्यावर अर्धमेले झालो.

चिंगूस

कातळशिल्प हे स्ट्रीट आर्ट कसं? रस्ता कुठाय?

सडेफटिंग

तेव्हा रस्ताच नव्हता हो. होता तो सगळा रस्ताच.

चिंगूस

मान्य. 😄

भाऊ मालवणकर

अरे उन्हातान्हात कित्याक फिरतास? दुपारचा माशाचा कालवण, भात खावचा आणि पडवीत आडवा होवचा. चित्रां संध्याकाळी पण थयच आसतत. चलान जातत काय?

ओलेकाजू

भाऊकाका, तुम्ही आमच्या सासूबाईंचे चुलत असणार.

भाऊ मालवणकर

खयच्या ता सांग, बघूया नाता लागता काय.

पमाकाकू

आले. ओलेकाजू, पातळ भाजीवर वाटाण्याचा रस्सा होता का चवळीचा? पणजीला आम्ही खाल्ली ती वेगळीच लागली होती.

बाकी आमचं काही असं रोमँटिक नाही. सावंतवाडीला चितार आळीत लाकडी फळं घ्यायला गेलो होतो, नातीसाठी. ह्यांना घाई, मला प्रत्येक दुकानात वांगं वेगळं दिसतंय. सीताफळ तर इतकं हुबेहूब की ह्यांनी दाबून पाहिलं. मग राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले जुने पत्ते, बघायला गेलो. कारागीर मांडी घालून बसतात आणि बारीक कुंचल्याने गोल पानं रंगवतात. दशावतारी गंजिफेत १२० पानं, दर अवताराची बारा. ही कला जवळजवळ संपली होती, राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवींनी मनावर घेतलं म्हणून टिकली. ह्यांनी तिथे विचारलं, "रमी खेळता येईल का?" मी दुसरीकडे बघितलं.

कोकमकन्या

> सीताफळ तर इतकं हुबेहूब की ह्यांनी दाबून पाहिलं

पमाकाकू 😂😂 माझ्या भावाने चावलं होतं.

जुईली_ठाणे

सोलकढीबद्दल कोणीतरी बोला. गेल्या महिन्यात हायवेवरच्या एका ठिकाणी जी गुलाबी वस्तू प्यायलो ती आठवून अजून राग येतो. बीट होतं त्यात! नवरा म्हणतो छान रंग आहे. छान रंग!

कोकमकन्या

आगळाचा (कोकमाच्या रसाचा) रंग असा टवटवीत गुलाबी येतच नाही मुळी. जरा मळकट, जांभळटच दिसतो. आगळ, नारळाचं पहिलं दूध, लसूण, हिरवी मिरची ठेचून, वर कोथिंबीर. इतकंच. आणि केल्यावर लगेच प्यायची, ठेवली की फुटते.

पमाकाकू

आमच्याकडे लसूण नाही घालत. जिरं.

कोकमकन्या

काकू, वेगळा धागा काढावा लागेल 🙏

चिंगूस

नको, मागच्या वेळी तीनशे प्रतिसाद झाले होते लसणावरून.

तवसाळकर

भिंतींचा विषय आहे म्हणून. हल्ली कोकणातल्या कुठल्याही गावात जा, स्वच्छ सर्वेक्षणाच्या वेळी रंगवलेल्या भिंती एका छापाच्या. गांधीजींचा चष्मा, एक झाड, झाडाला हात, झाडाखाली हसणारी मुलगी. समुद्रकिनारी असाल तर एक डॉल्फिन. अहो, समोर बंदरात होड्या आहेत, त्यांच्यावर मालकाने स्वतः काढलेले डोळे, फुलं, देवाचं नाव आहे, ते बघा की. मी आणि बायको हर्णैला लिलाव बघायला गेलो तेव्हा तासभर नुसत्या होड्यांच्या नाळा (पुढची टोकं) बघत होतो. ऊन पाठीवर, वाळू तापलेली, वास म्हणाल तर विचारू नका. नंतर तिथेच घेतलेली कोळंबी एका घरगुती खानावळीत करून मिळाली. त्या दिवसानंतर मला ते भिंतीवरचे डॉल्फिन बघवत नाहीत.

सडेफटिंग

तवसाळकर, डॉल्फिनने तुमचं काय घोडं मारलंय? 😀 पण होड्यांचं शंभर टक्के पटलं.

वैतरणा

डहाणूकडून हजेरी. माहेर माझं, नवरा पुण्याचा. त्याला वाटायचं वारली म्हणजे कुर्त्यावर असतं ते. म्हणून लग्नानंतर मे महिन्यात बाबांच्या ओळखीने एका पाड्यावर घेऊन गेले. नुकतंच लग्न झालेलं घर होतं. कुडाच्या भिंतीला गेरूचा हात, त्यावर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नचौक, मध्ये पालघट देवी. रंग एकच, पांढरा. हा चौक सुवासिनींनी काढायचा असतो, ती लग्नविधीतलीच गोष्ट. कागदावर, कापडावर आणि पुरुषांनी काढणं हे सगळं नंतरचं. जिव्या सोमा म्हसे यांचं नाव जगात झालं, २०११ ला पद्मश्री मिळाली.

नवरा घामाने निथळत त्या अंधाऱ्या, गार घरात शिरला आणि बाहेर यायलाच तयार नव्हता. कुडाची घरं उन्हाळ्यात काय सुख असतात ते पुण्याच्या स्लॅबवाल्यांना काय कळणार.

येताना रस्त्याला ताडगोळे. त्याने सालीसकट खाल्ले, मी सोलून. ह्यावरून आमचं अजून भांडण आहे.

जुईली_ठाणे

सालीसकटच खायचे. पोटाला चांगलं असतं.

वैतरणा

जुईली, तू त्यांच्या पार्टीत. ठीक आहे.

आनंदी_वेंगुर्ला

आमच्याकडे गणपतीच्या मागची भिंत रंगवतात, ती चालेल? ऊन भाद्रपदातलं, पण ते वैशाखापेक्षा वाईट, मध्येच सर येते आणि मग उकडून काढतं.

लग्नाचं दुसरं वर्ष. आमच्या चित्रकाराकडे त्या वर्षी इतकी घरं की चतुर्थी दोन दिवसांवर आली तरी पत्ता नाही. भिंत पांढरी फटक. सासरे येरझाऱ्या घालतायत. मग नवरा म्हणाला आपण काढू. कॉलेजात त्याला कधीतरी चित्रकलेत बक्षीस मिळालेलं, त्या भांडवलावर. मी आकाश आणि डोंगर केले, त्याने मोर. रात्रभर रंगवत होतो, मध्ये शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि भाकरी खाल्ली, तीही रंगाच्या हाताने. सकाळी आत्येसासूबाई आल्या, चष्मा लावून जवळ जाऊन बघितलं आणि म्हणाल्या, "कोंबडो बरो काढलास हां."

पूर्ण गणपतीभर आरतीला आलेला प्रत्येक जण आधी कोंबडा बघायचा, मग बाप्पाला नमस्कार.

पमाकाकू

😂😂😂 कोंबडो!! ह्यांना वाचून दाखवलं, ते पण हसतायत.

भाऊ मालवणकर

गणपतीक कोंबडो चलता गो. पाचव्या दिवसानंतर वडे करूचे असतत नाय.

चिंगूस

फोटो द्या लोकहो, सगळे नुसतं लिहितायत. विशेषतः कोंबडा.

आनंदी_वेंगुर्ला

चिंगूस, पुढच्याच वर्षी चित्रकाराने त्यावर शिवाजी महाराज काढले. फोटो रीळवाल्या कॅमेऱ्यातला, माळ्यावर असेल.

मंदा_रत्नागिरी

मी इथे फार लिहीत नाही, पण वाचते. हे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. मे महिन्यात सगळे गावी जात, हे शाळेची भिंत रंगवत. वर्गांना रेल्वेचे डबे करायचे होते. त्या वेळी कोकण रेल्वे नवीन सुरू झालेली, १९९८. मुलांनी गाडी लांबून बघितलेली. खिडक्या, चाकं, दाराशी 'इयत्ता पहिली', 'इयत्ता दुसरी'. मी दुपारी डबा घेऊन जायची. मऊ भात, मेतकूट, सुक्या जवळ्याची चटणी, आणि बाटलीत कोकम सरबत. शाळेच्या पायरीवर जेवायचो. त्यांच्या नखांतला निळा रंग शाळा सुरू होईपर्यंत जायचा नाही. मला म्हणायचे, इंजिनात तुझी खिडकी काढतो. खरंच काढली होती, माझ्या केसांच्या आंबाड्यासकट.

आता हे नाहीत. शाळेची पण पटसंख्या कमी झाली. तुमचे सगळ्यांचे वाचून लिहावंसं वाटलं.

ओलेकाजू

मंदाताई. किती छान लिहिलंत. आंबाड्यासकट. 🙏

वैतरणा

मंदाताई, लिहीत राहा हो इथे.

सडेफटिंग

ताई, शाळा कुठली ते सांगायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आम्ही सड्यांवर जातो तेव्हा आसपास फिरणं होतंच. भिंत शिल्लक असेल तर फोटो काढून पाठवतो तुम्हाला.

मंदा_रत्नागिरी

केला आहे. रंग मारला असेल त्यावर, पण बघा.

जुईली_ठाणे

कोकण रेल्वे म्हटल्यावर मांडवी एक्सप्रेस आठवलीच. आमच्या अर्ध्या ट्रिपचं खाणं गाडीतच होतं. रोह्याला काही, चिपळूणला काही. नवरा चिपळूणपर्यंत थकतो आणि मग रत्नागिरीला उतरून म्हणतो जेवूया.

चिंगूस

मांडवीचं खाणं म्हणजे... थांबा, वेगळा धागा. 😀

तवसाळकर

राजापूरजवळ उन्हाळे नावाच्या गावात गरम पाण्याचा झरा आहे. मे महिन्यात भर दुपारी तिथे अंघोळीला नेणारा नवरा मी आहे. बायकोने अजून सोडलेलं नाही. चित्र नव्हतं, फक्त ऊन आणि गरम पाणी. म्हणून धाग्यात बसत नाही, तरी नोंद असावी.

कोकमकन्या

😂 वहिनींना दंडवत सांगा.

पणजीकार

ओलेकाजू, आता या तर भिंती आणखी सापडतील. एफ. एन. सोझा, आपल्या साळगावचे चित्रकार, त्यांचा नातू सोलोमन सोझा याने २०१९ मध्ये पणजीत भिंतींवर गोव्याच्या माणसांची मोठमोठी चित्रं काढली. स्प्रेने. काही उन्हापावसाने फिकी पडली. डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो तेव्हा तर सगळं शहर रंगलेलं, पण तेव्हा ऊन कुठलं आणि तुमच्या धाग्यात बसायचं कसं.

मी आणि घरकारीण रविवारी मोरजीला मोरजाईच्या देवळात गेलो, कावी बघायला. चुन्याच्या गिलाव्यावर काव लावून मग कोरून पांढरं उघडं करतात. वेलबुट्टी, लाल-पांढरी. पुसट आहे, पण बघण्यासारखी. मागाहून कोपऱ्यावर रस ऑमलेट (तिखट रश्शातलं ऑमलेट), वेळ दुपारची, तोंडात जाळ आणि डोक्यावर जाळ. तिने एक घास खाल्ला आणि माझ्याकडे बघितलं फक्त. लिंबू सोडा आणायला पळालो.

आबे फारिया आमच्या कांदोळीचे हां, १७५६ चा जन्म. ऊन लागलंय म्हणे. 😄

ओलेकाजू

पणजीकार, नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणतोय, रस ऑमलेटची गल्ली सांगा, भिंतीचं नंतर बघू.

पमाकाकू

पातळ भाजीचं कोणी सांगितलंच नाही अजून.

पणजीकार

काकू, दोन्ही मिळतात. वाटाण्याची, चवळीची, बटाट्याची. घाऱ्यापुऱ्या नकोत, पाव घ्या.

नवीन_सून

ताई-दादांनो, पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं पहिल्यांदाच कुडाळला जातोय. पिंगुळीला चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या बघता येतात असं ऐकलं. कसं जायचं? सोबत सासूबाई नाहीत 🙈

आनंदी_वेंगुर्ला

कुडाळ स्टेशनवरून रिक्षा मिळते, जवळच आहे. ठाकर समाजाची कला आहे ही. परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली, त्यांच्या घरच्यांनी गोठ्याचं संग्रहालय केलंय. रामायण-महाभारताची चित्रं एकेक करून दाखवत कथा गातात. आधी फोन करून जा, म्हणजे कोणीतरी दाखवायला असेल. आणि सकाळी लवकर जा.

भाऊ मालवणकर

आणि दुपारचा निजा.

नवीन_सून

थँक्यू ताई! काका, जेवायला कुठे जाऊ ते पण सांगा ना. आणि तिखट कमी मिळेल असं.

भाऊ मालवणकर

तिखट कमी? मगे कित्याक येतास? 😀 बाजारात विचार, कोणी पण घरगुती खानावळ दाखयत. सुरमई असली तर सुरमई, नायतर जा मिळात ता.